एलामी : पेंटेकॉस्टच्या वाचनातील एक विसरलेले राष्ट्र

पेंटेकॉस्टच्या रविवारी आपल्या देवळांतून 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन होते. यरुशलेमेत जमलेल्या नाना देशींच्या लोकांची नामावळी तेथे येते आणि ती उच्चारताना भल्याभल्या वाचकांची जीभ अडखळते. काही वर्षांपूर्वी आमच्या उपनगरातील धर्मग्रामात हे वाचन एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे आले होते. त्याने ते न अडखळता केले. मिस्सा संपल्यावर मात्र तो आमच्यापाशी आला आणि म्हणाला, ''पार्थी आणि मेदी इराणकडचे, हे बाईंनी सांगितले. पण एलामी म्हणजे कोण? ते आता कुठे असतात?'' आम्ही वेळ मारून नेली. तेही इराणकडचेच, असे काहीसे सांगितले. त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

पुढे आम्ही त्या नावाच्या मागे लागलो. जो इतिहास हाती आला, तो केवळ दूरदेशीचा नाही. त्याचा एक धागा फिरत फिरत कल्याण-ठाण्याच्या खाडीपर्यंत, आपल्या साष्टी बेटाच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा वाचकांपुढे उलगडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डोंगर आणि गाळाची भूमी

आजच्या इराणच्या नैऋत्येस खुझिस्तान नावाचा प्रांत आहे. पश्चिमेस तैग्रिस आणि फरात या नद्यांचे सपाट मैदान आणि पूर्वेस झाग्रोस पर्वताच्या रांगा, यांच्या मधोमध ही भूमी येते. एलाममध्ये सखल भागातील शूशन, म्हणजेच सूसा, आणि डोंगराळ भागातील अनशान ही दोन मुख्य नगरे होती. शूशनची वस्ती ख्रिस्तपूर्व ४२०० च्या सुमारास सुरू झाली. आब्राहामाच्या काळी हे नगर दोन हजार वर्षांचे जुने झाले होते, एवढे म्हटले तरी त्याच्या वयाची कल्पना यावी.

एलाम हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ते आपल्या देशाला 'हताम्ती' म्हणत. शेजारच्या अक्कदी लोकांनी त्याचे 'एलाम्तू' केले, इब्री भाषेत ते 'एलाम' झाले आणि बायबलमुळे जगभर तेच रूढ झाले. परक्यांच्या तोंडचे नाव आपले म्हणून वागवावे लागणे हे आपल्या समाजाला नवीन नाही. उत्तर कोकणातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव धारण केले, आणि आज तेच आपली ओळख होऊन बसले आहे.

एलामचे आणि मेसोपोटेमियाचे नाते गरजेचेही होते आणि वैराचेही. मैदानात धान्य उदंड पिके, पण दगड, लाकूड आणि धातू नव्हते. ते सर्व डोंगरांत होते, आणि डोंगरांच्या वाटा एलामच्या ताब्यात होत्या. म्हणून मैदानातील राजांना एलामशी व्यापार तरी करावा लागे, नाही तर युद्ध तरी. तीन हजार वर्षांचा हा इतिहास या दोन शब्दांत सामावतो.

न उलगडलेली अक्षरे

सुमेर देशात ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमारास लेखनकला अवतरली. त्यानंतर शे-दोनशे वर्षांच्या आतच शूशन येथेही मातीच्या पाट्यांवर लिहिले जाऊ लागले, आणि तेही स्वतःच्या वेगळ्या चिन्हांत. धान्य, मेंढ्या आणि मजूर यांचे हे हिशेब आहेत, एवढे आकड्यांवरून कळते. परंतु ती आद्य-एलामी लिपी अद्याप नीट वाचता आलेली नाही. पुढे ख्रिस्तपूर्व २३०० नंतर एलाममध्ये रेषात्मक चिन्हांची दुसरी एक लिपी प्रचारात आली. ती बहुतांशी उलगडल्याचा दावा फ्रेंच संशोधक फ्रांस्वा देसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यावर तज्ज्ञांची चर्चा चालू आहे. यानंतर मात्र एलामी लोकांनी शेजाऱ्यांची खिळ्याच्या आकाराची कीलाकार लिपी स्वीकारली आणि तिच्यात आपली भाषा लिहिली.

त्या भाषेचे सगेसोयरे कोणी सापडत नाहीत. ती सुमेरी नव्हे, इब्री-अरबीच्या कुळातील नव्हे आणि फारसी-संस्कृतच्याही कुळातील नव्हे. डेव्हिड मॅकअल्पिन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचे नाते आपल्याकडील द्राविडी भाषांशी जोडण्याचा प्रयत्न केला. पण बहुतेक विद्वानांना तो पटलेला नाही. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात एलामला शेमचा पुत्र म्हटले आहे. ते नाते भाषेचे नसून शेजाराचे आहे, असे मानणेच योग्य होय.

ऊर नगराचा पाडाव आणि बाबिलोनची लूट

ख्रिस्तपूर्व २००४ च्या सुमारास एलामच्या बाजूने आलेल्या सैन्याने ऊर नगर जिंकले, तेथील राजा इब्बी-सिन याला बेड्या घालून नेले आणि सुमेरचे वैभव मावळले. हेच ऊर आपण आब्राहामाचे मूळ गाव म्हणून ओळखतो. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात लोटाला धरून नेणाऱ्या राजांत एलामचा राजा कदार्लागोमर आहे. या नावाचा राजा एलामी लेखांत आढळत नाही. पण नावाची घडण अस्सल एलामी आहे. त्या काळी एलामी राजाचा दरारा कनानपर्यंत पोहोचला होता, ही आठवण मात्र पवित्र शास्त्राने जपून ठेवली आहे.

एलामच्या भरभराटीचा काळ ख्रिस्तपूर्व चौदाव्या ते बाराव्या शतकांतला. उंताश-नापिरिशा या राजाने शूशनच्या आग्नेयेस एक नवे नगर वसवून तेथे विटांचे पायऱ्या-पायऱ्यांचे प्रचंड मंदिर उभारले. अशा मंदिराला झिगुरात म्हणतात. बाबेलच्या बुरुजाची कथा ज्या प्रकारच्या वास्तूवरून आली असावी, तीच ही वास्तू. चोगा झंबिल येथील या झिगुरातची प्रत्येक बाजू सुमारे १०५ मीटर लांब आहे. ते मुळात ५० मीटरांहून उंच असावे. आज सुमारे २५ मीटर उरले आहे. भिंतीत ठरावीक अंतराने राजाचे नाव लिहिलेल्या विटांचे थर आहेत. १९७९ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. याच राजाची राणी नापिरासू हिचा तांबे व काशाचा ओतीव पुतळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याचे मस्तक हरवले आहे. तरीही वजन १७५० किलो भरते. वस्त्रावरील भरतकाम आणि एकावर एक ठेवलेले हात पाहिले, की ते घडविणाऱ्या ओतारी कारागिरांपुढे मान लवते.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी शुत्रुक-नाहुंते या राजाने बाबिलोनवर स्वारी केली आणि तेथील कीर्तिस्तंभ उचलून शूशनला आणले. त्यांत हम्मुराबीच्या कायद्यांचा काळा शिलास्तंभही होता. स्तंभाच्या खालच्या बाजूच्या काही ओळी खरवडून काढल्या आहेत. तेथे विजेत्याचे नाव कोरायचे असावे; पण ते कोरले गेलेच नाही. ती कोरी जागा आजही तशीच आहे.

हा स्तंभ १९०१-०२ च्या हिवाळ्यात फ्रेंच उत्खननात शूशन येथे सापडला, आणि त्याचे वाचन करून १९०२ मध्येच तो जगापुढे ठेवला तो फादर व्हँसाँ शेल या डोमिनिकन धर्मगुरूने. आज कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हम्मुराबीच्या २८२ कलमांचा उल्लेख करतो. ती गणना फादर शेल यांचीच. बाबिलोनचा हा ठेवा जगाला मिळाला, तो एलामी लोकांनी तो लुटून नेला आणि एका धर्मगुरूने तो वाचला म्हणून.

सिंधूचा शेजार

एलामचा पूर्वेकडचा शेजारी आपल्याला अधिक जवळचा आहे. मेसोपोटेमियाच्या लेखांत मेलुहा नावाच्या देशाचा उल्लेख येतो, आणि तो सिंधू संस्कृतीचा प्रदेश होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाची जहाजे आपल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात, अशी प्रौढी अक्कदचा राजा सार्गोन याने ख्रिस्तपूर्व २३०० च्या सुमारास मिरवली. पांढरी नक्षी उमटवलेले लाल अकिकाचे सिंधू पद्धतीचे मणी ऊर येथे सापडले, तसे शूशन येथेही सापडले. सिंधू चिन्हे असलेली मुद्राही शूशनच्या मातीतून निघाली.

त्या काळातील एक छोटीशी मुद्रा लूव्र संग्रहालयात आहे. तिचा मालक शु-इलिशू हा मेलुहाच्या भाषेचा दुभाषी होता, असे तिच्यावर लिहिले आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या उपखंडाची भाषा परक्यांना समजावून सांगण्यावर उपजीविका करणारा माणूस होता! भाषा दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचवणारा माणूस किती मोलाचा, हे त्या लोकांना ठाऊक होते.

सिंधू संस्कृतीची शेवटची लाट महाराष्ट्रातही आली. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव शिल्पे सापडली. एलामच्या या शेजाऱ्यांचा वारसा असा प्रवरेच्या काठापर्यंत येऊन पोहोचला होता.

शूशनचा विध्वंस

एलामचा घात केला तो अश्शूरने. ख्रिस्तपूर्व ६५३ मध्ये उलई नदीच्या काठी अशुरबानिपालच्या सैन्याने एलामी राजा तेउम्मान याचा पराभव करून त्याचे शिर निनवेला नेले. राजा-राणी बागेत मेजवानी करीत आहेत आणि झाडाला एलामी राजाचे शिर टांगले आहे, असा एक शिलापट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो पाहून विजयाच्या उन्मादाची शिसारी येते. त्यानंतर काही वर्षांतच, ख्रिस्तपूर्व ६४७ च्या सुमारास, शूशन लुटले गेले. मंदिरे पाडली, राजांच्या कबरी उकरल्या, शेतांवर मीठ पेरले, असे अशुरबानिपालने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवले आहे.

अश्शूरी शिल्पांचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. निमरूद येथे लेयार्ड या इंग्रज संशोधकाला सापडलेली शिल्पे बसऱ्याहून जहाजाने मुंबईला आली आणि १८४८ मध्ये येथील गोदीत त्यांच्या पेट्या उघडून ती लोकांना दाखवण्यात आली. इस्राएलचा राजा येहू याची खंडणी दाखवणारा काळा स्तंभ लंडनला पोहोचण्यापूर्वी मुंबईकरांनी पाहिला होता! आजही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अश्शूरी राजवाड्यातील कोरीव शिलापट आहेत. आपल्या मुलांना तेथे जरूर न्यावे. बायबलचा इतिहास तेथे हाताच्या अंतरावर उभा आहे.

पाडाव झालेल्या एलामी लोकांचे काय झाले? एज्राच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. आस्नपर राजाने शोमरोनात आणून वसवलेल्या लोकांत शूशनचे लोक व एलामी यांची नावे आहेत, आणि हा आस्नपर म्हणजेच अशुरबानिपाल, असे मानले जाते. म्हणजे पवित्र भूमीत एलामी आले ते प्रथम निर्वासित म्हणून.

राज्य गेले, लेखणी राहिली

अश्शूरही फार काळ टिकले नाही. ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये निनवे पडले. पुढे पारसाचा राजा कोरेश, म्हणजेच सायरस, उदयास आला. यहुदी बंदिवानांना स्वदेशी परतण्याची मोकळीक देणारा हाच तो राजा. त्याचा मातीचा प्रसिद्ध लेख डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात मुंबईच्या याच संग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता, तेव्हा आमच्याप्रमाणेच अनेक वाचकांनी तो पाहिला असेल. त्या लेखात कोरेश आपल्या पूर्वजांना 'अनशानचे राजे' म्हणवतो. आणि अनशान हे तर एलामचेच प्राचीन नगर. जिंकणाऱ्यांनी जिंकलेल्यांचे नाव अभिमानाने लावले.

इतकेच नव्हे, तर पारसी सम्राटांच्या दप्तराची भाषा बराच काळ एलामीच राहिली. पर्सेपोलिसच्या तटबंदीत १९३३-३४ मध्ये मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. मजुरांचा शिधा, प्रवाशांचे पीठ, बाळंतिणींना दिलेला जादा भत्ता यांचे हे हिशेब बहुतांशी एलामी भाषेत आहेत. दारयावेश राजाच्या बेहिस्तून येथील त्रिभाषी शिलालेखातही एलामीला मानाचे स्थान आहे. दानिएलाला दृष्टान्त झाला तो एलाम प्रांतातील शूशनमध्ये. एस्तेर राणी झाली तीही शूशनमध्ये. आणि यरुशलेमेच्या ढासळलेल्या तटाची वार्ता नहेम्याने ऐकली तीही तेथेच.

पेंटेकॉस्टपासून कल्याणपर्यंत

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जे एलामी होते, ते त्या देशात स्थायिक झालेले यहुदी अथवा यहुदी धर्म स्वीकारलेले लोक असावेत. त्या काळी एलाम हे पार्थी साम्राज्याच्या छायेतील एक लहानसे राज्य होते. पण त्या नावाचा प्रवास तेथे संपला नाही. पुढच्या शतकांत त्या भूमीत ख्रिस्तसभा रुजली. सुरियानी भाषेत त्या प्रांताला 'बेथ हुझाये', म्हणजे हुझी लोकांचा देश, म्हणत. आजच्या 'खुझिस्तान' या नावात तोच शब्द आहे. शापूर राजाच्या छळात बिशप संत शिमोन बार साब्बाए यांनी चौथ्या शतकात शूशनच्याच परिसरात रक्तसाक्ष दिली. ४१० सालच्या धर्मसभेने तेथील बेथ लापात या नगराला महाधर्मप्रांताचे पीठ ठरवले.

याच पौर्वात्य ख्रिस्तसभेची माणसे व्यापारी गलबतांबरोबर पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर आली. सहाव्या शतकातील प्रवासी-लेखक कॉस्मस याने लिहून ठेवले आहे, की 'कल्लियाना' येथे पर्शियात अभिषेक झालेला बिशप आहे. काही अभ्यासक हे स्थळ दक्षिणेकडे शोधतात. पण अनेकांच्या मते ते आपले कल्याणच होय. कल्याण हे त्या काळी नामांकित बंदर होते. तेथील व्यापाऱ्यांची दाने बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत नोंदलेली आहेत. त्याच कान्हेरीत, ९० क्रमांकाच्या लेण्यात, इराणच्या जुन्या पहलवी लिपीतील लेख आहेत. १००९ आणि १०२१ मध्ये तेथे येऊन गेलेल्या जरथुश्त्री पाहुण्यांनी आपली नावे कोरली आहेत. इराणचा किनारा आणि साष्टीचा डोंगर यांत किती ये-जा होती, याची ही साक्ष.

१३२१ मध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले, हे वाचकांस ठाऊक आहे. त्यांपैकी दिमित्री नावाचा बंधू अनेक भाषा जाणणारा होता. हे मिशनरी ठाण्यात उतरले ते पौर्वात्य ख्रिस्तसभेच्या एका कुटुंबाकडे. त्यानंतर लवकरच येऊन गेलेला धर्मबंधू ओदोरिक सांगतो, की ठाण्यात अशी पंधरा ख्रिस्ती घरे होती. मुलुंडचा नाका ओलांडला की जे शहर लागते, तेथे पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी ख्रिस्ती प्रार्थना होत होती. त्या पंधरा घरांपासून आपल्यापर्यंत सलग वंशावळ आहे, असा आमचा दावा नाही; तसा पुरावा नाही. पण 'तुमचा धर्म पोर्तुगिजांच्या गलबतातून आला' असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा या किनाऱ्याचा इतिहास त्याहून जुना आहे, एवढे सांगण्यास आपण कचरू नये.

आपल्या भाषेत

एलामी भाषेचा शेवट कधी झाला? दहाव्या शतकातील भूगोलकार इस्तखरी याने खुझिस्तानात फारसी, अरबी आणि सुरियानी यांहून वेगळी अशी 'खुझी' बोली बोलली जाते, असे नमूद केले आहे. ती एलामीचीच अखेरची नात असावी, असा काहींचा तर्क आहे. तसे असेल, तर राजवाडे जळाल्यानंतर सोळाशे वर्षे ती भाषा चुलीपाशी जिवंत होती. अश्शूरची तलवार जे करू शकली नाही, ते घराघरांतील विस्मरणाने केले. आईने मुलाशी बोलण्याची भाषा बदलली, आणि एक दिवस ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही.

अंधेरीच्या सीप्झमध्ये संत योहान बाप्तिस्ताच्या देवळाचे भग्नावशेष आहेत. हे देऊळ १५७९ मध्ये बांधले गेले. १८४० मध्ये साथीचा रोग आला, तेव्हा गावकरी आपला संसार घेऊन मरोळला गेले आणि देऊळ ओस पडले. तरी वर्षातून एकदा, मे महिन्यात, भाविक तेथे मिस्सेसाठी जमतात. भिंती पडल्या तरी जागा विसरली गेली नाही. मग भाषेचे काय? आपल्या घरांतून आजीची बोली, लग्नातील उंबराच्या पाण्याची गाणी आणि रोजारीच्या मराठी प्रार्थना हळूहळू मागे पडत आहेत. इंग्रजी शिकण्यात दोष नाही. एलामी लोकांनीही शेजाऱ्यांची लिपी शिकली, पण तिच्यात त्यांनी लिहिली आपलीच भाषा. हा फरक आपण ध्यानी घ्यावा.

पेंटेकॉस्टच्या दिवशी सर्वांनी एकच भाषा शिकावी, असा चमत्कार झाला नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, आणि ज्यांचे राज्य सहाशे वर्षांपूर्वी धुळीस मिळाले होते, त्या एलामींनीही ती ऐकली.

तो मुलगा आता महाविद्यालयात जातो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही उशिरा का होईना, दिले आहे. 'ते आता कुठे असतात?' या दुसऱ्या प्रश्नावर मात्र आम्ही त्याला एवढेच सांगितले : ते आता फक्त या वाचनात असतात. म्हणून त्यांचे नाव स्पष्ट वाच.